खजिन्यासमोरच्या बॅगा

वाळवंटातलं एखादं प्राचीन शहर लोकांना दाखवायचं असेल, तर त्याचा इतिहास नंतर वाचला तरी चालतो. तिथे टॉयलेट कुठे कुठे आहेत हे मात्र आधी ठाऊक असावं लागतं. थट्टा नाही करत. ब्राउनश्वाइगमध्ये राहून मी बरीच वर्षं मराठी मंडळींना जॉर्डनमधल्या पेट्राला नेत आले, आणि एवढ्या काळात इतिहासाचे प्रश्न मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले. बाकी सगळी विचारणा दोनच गोष्टींची: "ताई, टॉयलेट?" आणि "ताई, चहा?" त्या दोन्हींची उत्तरं मला झोपेतही देता यायची.

या धंद्यात मी ठरवून शिरले नाही. आमचे हे इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत संशोधनाला आले, त्यांच्या मागोमाग मी आले, जर्मन शिकले आणि एका राइजेब्युरोत, म्हणजे प्रवासाची तिकिटं-बिकिटं काढून देणाऱ्या ऑफिसात, चिकटले. पुढे शेजारच्या वोल्फ्सबुर्गात गाड्यांच्या कारखान्यात आपली पोरं भराभर यायला लागली. पोरं आली की लग्नं, लग्नं झाली की बाळं, आणि बाळं झाली की पुण्या-कराडहून आजी-आजोबा. वोल्फ्सबुर्ग हे गाव गाडी चालवणाऱ्याचं. ज्याला गाडी चालवता येत नाही त्याचं दोन दिवसांत सगळं बघून होतं, तिसऱ्या दिवसापासून बाल्कनी. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, आणि हे दोघं समोरच्या पार्किंगमध्ये कोण कधी गाडी लावतं यावर लक्ष ठेवून! त्या बाल्कन्यांकडे बघूनच मला कल्पना सुचली. ऑक्टोबरात शाळांना हेर्बस्टफेरिएन लागतात, म्हणजे शरदातली सुटी. तेव्हा इथे म्हातारी माणसं कुडकुडायला लागतात आणि जॉर्डनमधलं ऊन मात्र सोसण्याजोगं झालेलं असतं. पॅरिस आणि स्वित्झर्लंड सगळ्यांचं झालेलंच असायचं. मी म्हटलं, चला, वाळवंटात जाऊ.

ज्यांनी पेट्रा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नबाती नावाच्या व्यापारी लोकांनी गुलाबी डोंगरात हे शहर कोरलं. आत जायची मुख्य वाट म्हणजे एक लांबलचक, चिंचोळी घळ. दोन्हीकडे उंच कडे आणि वर आभाळाची फीत. चालत चालत शेवटच्या वळणावर आलात की फटीतून एकदम समोर उभा राहतो तो खजिना. अख्ख्या कड्यात कोरून काढलेली, खांबा-खांबांची, महालाची असावी तशी दर्शनी भिंत. नाव खजिना, पण आत दमडी नाही. कुण्या राजाची कबर असावी म्हणतात. त्याच्या पुढे मोकळं खोरं लागतं. तिथे दगडी प्रेक्षागृह आहे, राजांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठमोठ्या कबरी आहेत, पडके खांब आहेत आणि जागोजागी चहा विकणारे बेदुइन लोक आहेत.

माझं अर्धं काम जर्मनीतच व्हायचं. निघण्याआधी एका रविवारी ब्राउनश्वाइगमधल्या चर्चचा हॉल घ्यायचा, सगळ्यांना बोलवायचं, बटाटेवडे खायला घालायचे आणि खाता खाता सगळ्यांचे पासपोर्ट बघायचे. वडे अशासाठी, की भरल्या तोंडी माणूस कमी चिडतो. चिडण्याचं कारण व्हिसात असायचं. आईवडिलांना बोलवताना पुष्कळ मुलं एकदाच प्रवेश देणारा व्हिसा काढतात. एका हुशार सॉफ्टवेअरवाल्याला मी सांगितलं, "अरे, तुझे आईबाबा एकदा जॉर्डनला गेले की या व्हिसावर त्यांना जर्मनीत परत येता येणार नाही." तो म्हणाला, "असं कसं ताई? ते राहतात माझ्याकडे. त्यांचे कपडे माझ्या कपाटात आहेत!" मी म्हटलं, "बाळा, घर तुझं आहे, दार सरकारचं." त्याच्या वडिलांनी हातातला वडा खाली ठेवला आणि लेकाची दहावीची मार्कलिस्ट पुन्हा हातात आल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. ते दोघं काही आमच्याबरोबर आले नाहीत. लेकाने रजा टाकून त्यांना जर्मनीतल्याच हार्त्सच्या डोंगरात फिरवलं, आणि मला वाटतं, त्यातच ते जास्त खूश झाले.

इंजिनिअर लोकांना भग्नावशेष दाखवणं ही तर वेगळीच कसरत. एक होते देशमुख, गाडीच्या इंजिनाचं तापमान ताब्यात ठेवण्याचं काम करणारे. पेट्राच्या घळीत कड्याच्या कडेने पाण्याचा पाट कोरलेला आहे, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी शहरात नेण्यासाठी. आमचा तिथला गाइड खालिद तो दाखवून पुढे निघाला आणि देशमुख तिथेच थांबले. त्यांनी फोनमधलं उतार मोजायचं ॲप उघडलं, फोन पाटात ठेवला, चार पावलं पुढे गेले, परत ठेवला.

"अहो, चला ना, खजिना राहिला," बायको म्हणाली.

"तू हो पुढे. हा उतार बघ काय ठेवलाय! जास्त दिला तर पाणी उसळून बाहेर पडेल, कमी दिला तर गाळ साचेल. गेनाऊ, अगदी हवा तेवढा दिलाय लेकाच्यांनी."

सगळं पेट्रा बघून आम्ही परतलो तेव्हा देशमुख घळीच्या मध्यावर होते. गुडघ्यांना लाल माती आणि चेहरा वरबापासारखा फुललेला. खजिना त्यांनी पाहिलाच नाही. मी हळहळले तर माझीच समजूत घातली, "खजिना काय हो, फोटोत दिसतो. उतार फोटोत दिसत नाही." इतका तृप्त प्रवासी मला पुन्हा मिळाला नाही.

शिवाय दर टूरमध्ये एक वेरूळवाले असतात. खजिन्यासमोर सगळे अवाक होऊन उभे असताना हे कमरेवर हात ठेवून म्हणणार, "ठीक आहे, पण आपल्या कैलास लेण्यापुढे काही नाही." पहिली काही वर्षं मी वाद घालायचे. मग शहाणी झाले. बसमध्येच आपण होऊन जाहीर करायचे, "मंडळी, जे बघायला चाललोय ते आपल्या वेरूळच्या पासंगालाही पुरणार नाही." मग तेच गृहस्थ तिथे पोचल्यावर म्हणायचे, "नाही हां ताई, असं म्हणू नका. हेही काही कमी नाही." आपल्या माणसाकडून कौतुक काढायचं तर आधी आपण नावं ठेवावीत, हे मला या धंद्यात कळलं. खंत म्हणाल तर एक आहे. इतक्या वेळा पेट्राला गेले, पण खजिन्याकडे मी बहुतेक वेळा पाठ करूनच उभी राहिले. डोकी मोजायची तर तोंड माणसांकडे ठेवावं लागतं.

आता बॅगांविषयी. जर्मन टूरमध्ये प्रत्येक जण आपली सॅक आपल्या पाठीवर टाकतो आणि चालू लागतो. आपल्यात कुठेही उतरलं की एक बाई म्हणते, "तुम्ही या जाऊन, मी बसते बॅगा घेऊन." तिला कोणी नेमलेलं नसतं. तिची निवड पहिल्याच दिवशी विमानतळावर, न बोलता होऊन जाते, आणि मग सगळे आपापले स्वेटर, बाटल्या, चिवड्याचे डबे तिच्यापुढे आणून टाकतात. त्यातल्या काही जणींना खरोखरच बसायचं असतं. गुडघे बोलत असतात, किंवा आणखी एक दगड बघायची हौस नसते. अशांना सावली, चहा आणि ते दुसरं ठिकाण दाखवून मी निर्धास्त पुढे जायचे. पण काही जणींना बसायचं नसतं, आणि त्याही अगदी त्याच शब्दांत तेच म्हणतात.

नलिनीताई कराडच्या. एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीत नोकरी करून निवृत्त झालेल्या. यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले. मुलगा अभिजित वोल्फ्सबुर्गात गिअरबॉक्सच्या विभागात, सून मृणाल आयटीत. हॉलमधल्या मीटिंगला आल्या त्या थेट दाराजवळच्या कोटांच्या ढिगापाशी खुर्ची ओढून बसल्या. "तुमचं चालू द्या. मी कोट बघते." चर्चच्या हॉलमधून कोट कोण पळवणार होतं? मी वडा तिथेच नेऊन दिला आणि शेजारी टेकले.

"जन्मभर लोकांना तिकिटं दिली," त्या सांगत होत्या. "गणपतीपुळे, तुळजापूर, हैदराबाद. कुठली गाडी कुठे जेवायला थांबते ते सगळं पाठ. बघितलं मात्र काही नाही हो. लोकांची सुटी म्हणजे आमची गर्दी. तेव्हाच नेमकी रजा बंद."

हसत सांगत होत्या, तक्रारीचा सूर नव्हता. माझी नजर खाली गेली. साडीखाली निळे स्पोर्ट शूज. मुलाने हेर्त्सोगेनआउराखला, म्हणजे बूट बनवणाऱ्या कंपन्यांच्या गावाला नेलं होतं, तिथे कंपनीच्याच दुकानात घेतलेले. पण नवे दिसत नव्हते. टाचा मळलेल्या, पुढे चवड्यापाशी वळ्या पडलेल्या. विचारलं तेव्हा कळलं, बाई कितीतरी दिवस रोज सकाळी तळ्याभोवती चालत होत्या. "नवे बूट चावतात ना. नेण्याआधी पायात मुरवलेले बरे." जिला बाकावर बसून राहायचंय ती बूट मुरवत नाही. मी मनात म्हटलं, ही बाई बसायला चाललेली नाही.

अभिजितने मला बाजूला घेतलं. "आल्झो, म्हणजे असं ताई, आईचं एक सांगायचं होतं. गेल्या वर्षी तिच्या छातीत दुखलं. शेजाऱ्यांनी हॉस्पिटलला नेलं. मी इथे कँटीनमध्ये जेवत होतो आणि फोन आला. फ्लाइट मिळून तिच्यासमोर उभा राहीपर्यंत माझं काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही." तसं निघालं काहीच नव्हतं, डॉक्टरांनी उलट भरपूर चालायला सांगितलं होतं, हेही तोच म्हणाला. "पण वाळवंटात काही झालं तर? मी आईला विचारलंय, पेट्रात आत येणार का बाहेर बसणार? ती म्हणाली, बसते. मग तिला फोर्स नको करायला. तिचा डिसिजन आहे. नाइन म्हणजे नाइन, नाही म्हणजे नाही."

पोराचा हेतू वाईट नव्हता. तो घाबरलेला होता आणि उत्तर त्याच्या सोयीचं आलं होतं. पेच पडला तो मला. महिनाअखेर नलिनीताई कराडला परतणार होत्या, आणि "एवढ्या लांबचं काही परत होणं नाही" असं त्यांनीच मला सांगितलं होतं. म्हणजे हे शहर त्यांनी बघितलं तर आताच, नाहीतर कधीच नाही. उलट मी गळ घालायची आणि काही बरंवाईट झालं, तर या मुलाला मी तोंड कसं दाखवणार होते?

अम्मानला सगळे किल्ला चढले, नलिनीताई बसमध्ये बसल्या. मृत समुद्रात सगळे पाठीवर तरंगत होते, नलिनीताई काठावर चपला राखत होत्या. पेट्राच्या आदल्या दिवशी जेवताना मी सहज म्हटलं, "उद्या आत याल ना?"

"नको हो. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा."

दमेन म्हणाल्या नाहीत, भीती वाटते म्हणाल्या नाहीत. खोळंबा म्हणाल्या. जन्मभर रांगेसमोर बसलेल्या बाईला खोळंबा हे महापातकच वाटत असणार. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या बाईला मौज करायला बोलावून उपयोग नाही, हिला कामाला बोलावलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पेट्राच्या फाटकाशी नलिनीताईंनी सावलीतला बाक हेरून ठेवला होता आणि बॅगा घ्यायला हातही पुढे केले होते. मी आवाज चढवला, "मंडळी, बॅगा इथे ठेवायच्या नाहीत. आज सगळ्यांनी बॅगा आत घेऊन चलायचं आणि खजिन्यासमोर ठेवायच्या. तिथून पुढे चढउतार आहे, तिथे ओझं नको." मग जरा चिंतेचा चेहरा केला. "आता तिथे राखायला कुणीतरी लागेल."

 नलिनीताईंनी बाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे मला तिथपर्यंत यावं लागणार?"

"लागणार हो. माझा नाइलाज आहे."

"मग काय, यायलाच पाहिजे," म्हणत त्यांनी पदर खोचलासुद्धा.

"ताई!" अभिजित माझ्यावर डोळे मोठे करत म्हणाला. मी त्याला शांत केलं. घळीतून खजिन्यापर्यंत विजेवरची छोटी गाडी जाते, आईला त्यातून पाठवू, म्हटलं. ते नलिनीताईंनी ऐकलं. "गाडी कशाला? कामावर जाताना मी कधी रिक्षा केली नाही," म्हणाल्या आणि निघाल्या.

त्या पुढे, खालिद आणि मी त्यांच्या दोन बाजूंना, आणि मागे अभिजित, एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात ग्लुकोजचा पुडा. नलिनीताईंसारखे प्रश्न मी कधी कुणाकडून ऐकले नव्हते. उंटांचे तांडे कुठून कुठे जायचे? इथे मुक्काम किती? तांड्यातल्या माणसांच्या जेवणाचं कोण बघायचं? एक तांडा उशिरा आला तर मागच्याचं काय? मी भाषांतर करत होते आणि खालिद खुलत चालला होता. लांबलांबचे तांडे इथे थांबत, पाणी भरत, माल बदलत, असं त्याने सांगितल्यावर त्या समाधानाने म्हणाल्या, "म्हणजे मोठा डेपोच की! आणि हे आपण स्टँडच्या गेटातून आत चाललोय."

शेवटच्या वळणावर कड्यांच्या फटीतून खजिना दिसला. सकाळचं ऊन त्याच्यावर पडलं होतं आणि दगड केशरी झाला होता. नलिनीताई थबकल्या. मागून येणाऱ्या लोकांचा खोळंबा झाला, तरी हलल्या नाहीत. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या, तेही स्वतःशी. त्या दिवशी मी खजिन्याकडे तोंड करून उभी होते आणि तरी त्यांच्याकडेच बघत होते, आणि मला फार आनंद झाला होता.

मग त्या लगेच भानावर आल्या. एका चहावाल्या बेदुइन बाईच्या बाकाच्या टोकाला बसल्या आणि आमच्या बॅगा ओळीत लावून घेतल्या. "जा आता. माझी काळजी करू नका." अभिजितचा पाय निघत नव्हता, मृणालने त्याला दंडाला धरून पुढे नेलं. मीही बाकीच्यांना घेऊन खोऱ्याच्या टोकापर्यंत गेले.

परत आलो तेव्हा बॅगा ओळीत होत्या, चहावाली बाई त्यांच्याजवळ बसलेली होती आणि नलिनीताई नव्हत्या.

 अभिजित आईला हाका मारायला लागला. खालिदने त्या बाईला अरबीत काहीतरी विचारलं, तिने हसून खोऱ्याच्या दिशेने हात केला. म्हणजे आम्ही आलो त्याच वाटेने त्या गेल्या होत्या आणि गर्दीत आमची चुकामूक झाली होती. आम्ही उलटपावली धावलो. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: तूच आणलंस हिला आत, आता भर. राजांच्या कबरींपाशी आल्यावर मृणाल ओरडली, "त्या बघा आई!" कड्याच्या अर्ध्यावर, दगडी पायऱ्यांच्या माथ्यावर, जांभळी साडी दिसत होती. अभिजित पायऱ्या गाळत वर गेला. मी माझा दुखरा गुडघा ओढत पोचले तेव्हा तो धापा टाकत आईसमोर उभा होता, आणि त्या मात्र खांबाच्या सावलीत, पायरीवर मजेत बसल्या होत्या. खाली अख्खं शहर पसरलेलं होतं.

"बॅगा त्या चहावालीला सांगून आलेय हो," त्या मला आधी कामाचं बोलल्या. "मघाशी ती पाणी आणायला गेली तेव्हा तिचा ठेला मी बघितला. आता ती आपल्या बॅगा बघतेय. खुणेनं सगळं ठरलं."

"आई, बॅगा गेल्या खड्ड्यात!" अभिजितचा आवाज फुटला. "काही झालं असतं म्हणजे? मला किती भीती वाटली तुला कळतंय का? आणि यायचं होतं तर सांगायचं ना! मी तुला विचारलं होतं. तू नको म्हणालीस!"

नलिनीताईंनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं आणि पदराने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला.

"विचारलंस रे राजा," त्या म्हणाल्या. "पण एकदाच विचारलंस."

 मृणाल दुसरीकडे बघत हसू दाबत होती. अभिजित तसाच बसून राहिला, खालच्या खोऱ्याकडे बघत. मग म्हणाला, "आई, त्या पलीकडच्या कबरीत छताला रंगीत दगडाचे पट्टे आहेत म्हणे. बघायला येतेस?"

"नको रे. झालं की सगळं बघून."

तो "ओके" म्हणायला गेला. ओ म्हणून तोंड उघडलेलंसुद्धा मी पाहिलं. मग मिटलं.

"चल ना."

"तुम्ही या बघून."

"आई, चल गं. तू नसलीस तर मी काय बघू?"

नलिनीताईंनी पदर पुन्हा खोचला. मग हात पुढे केला. "ओढ मला," त्या म्हणाल्या, "एवढं म्हणतोयस म्हणून येते हं."